उताऱ्यावरचे शब्द

बाबांच्या तेराव्याला आलेले पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेलं एक बोचकं होतं. गाठ इतकी आवळलेली, की शेवटी दातांनी सोडवली. आत जमिनीचे कागद निघाले. सातबाऱ्याचे उतारे, आठ अ, फेरफाराच्या म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींच्या नकला, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, १९७९ सालचं एक हक्कसोडपत्र, आणि सगळ्याच्या तळाशी १९२९ सालचं मोडीतलं खरेदीखत, पणजोबांनी ओढ्याकडचं रान घेतलं तेव्हाचं. वारसनोंद करायची तर हे सगळं वाचून काढणं भाग होतं. "तू शिकलेली, तूच बघ," म्हणून भावानं बोचकं माझ्यापुढं सरकवलं.

मी पुण्यात मुद्रितशोधनाचं काम करते. गेली बावीस वर्षं दुसऱ्यांचं मराठी वाचते, ऱ्हस्व-दीर्घ बघते, निसटलेले अनुस्वार टिपते. दिवस उगवतो तो शब्दांत आणि मावळतो तोही शब्दांत. आणि पहिलाच उतारा हातात घेतला तर त्यावर पोटखराबा, जुडी, आकार, इतर हक्क, भोगवटादार वर्ग १, अ.पा.क. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, अर्थ हाताला लागत नव्हता. परक्या भाषेतलं काही कळलं नाही तर माणूस सोडून देतं. आपल्याच भाषेतल्या, आपल्याच रानाच्या कागदानं असं उंबऱ्याबाहेर उभं केलं, की फार लागतं. त्या रात्री मी बराच वेळ ट्रंकेपाशी बसून होते. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं, हा विचार पुन्हा पुन्हा येत होता. कारण मला न कळलेल्या शब्दाशी कसं वागायचं हे पहिल्यांदा त्यांनीच शिकवलं होतं.

बाबा एसटीत कंडक्टर होते. सुट्टीत त्यांच्या गाडीला जायला मिळालं की मी खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या आणि गावांच्या पाट्या वाचायची. एकाच नावाची दोन गावं, एकापुढं बु., दुसऱ्यापुढं खु. आंबेगाव बु., आंबेगाव खु. वडगाव बु., वडगाव खु. आमचं गावही बुद्रुक आणि ओढ्यापलीकडं खुर्द. आमच्या गावात एका बुवांची समाधी आहे, तेव्हा बु. म्हणजे बुवांचं गाव, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा बाबांना तसं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग वडगावातही बुवा पाहिजेत. आंबेगावातही पाहिजेत. आहेत का बघ." मी बघत राहिले. सगळ्या बुद्रुकांत काही बुवा निघेनात. मग त्यांनी त्यांचा अर्थ सांगितला. बुद्रुक थोरलं, खुर्द धाकलं. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "सांगायला कशाला पाहिजे? इतकी वर्षं जोड्या बघतोय. जुनी वेस, जुनं देऊळ, पाटलाचा वाडा, हे बहुतेक बुद्रुकातच सापडतं."

कॉलेजात गेल्यावर कळलं, की दोन्ही शब्द फारसीतले. बुजुर्ग म्हणजे मोठा, वडीलधारा. खुर्द म्हणजे लहान. लोकांच्या तोंडी घासून घासून बुजुर्गाचं बुद्रुक झालं. बाबांनी कोश उघडला नव्हता, फारसी तर त्यांच्या गावीही नव्हती, आणि तरी त्यांचा अर्थ तंतोतंत बरोबर होता. त्याच दिवशी दुसरंही एक कोडं सुटलं. बाबा घरी आले की चामड्याची पिशवी पाटावर रिकामी करायचे आणि नोटा एकीकडं, नाणी एकीकडं लावत म्हणायचे, "आज खुर्दा फार आलाय." खुर्द गाव आणि खुर्दा पैसे. लहान गाव, लहान नाणी. मी हा शब्द रोज ऐकत होते आणि तो गावाच्या पाटीवर रोज वाचतही होते, पण या दोघांचं नातं कधी जुळवून पाहिलं नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीत एकटीच बसून मी मोठ्यांदा "खुर्दा, खुर्दा" म्हणत होते आणि डोळ्यांपुढं पाटावर पसरलेली नाणी होती.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. अडलेला शब्द डावीकडं, त्याच्याशेजारी माझा अंदाज, आणि तिसऱ्या रकान्यात खरा अर्थ. अंदाज लिहिल्याशिवाय कोश उघडायचा नाही, एवढा एकच नियम. नुसता अर्थ वाचला तर तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही. आधी स्वतः डोकं चालवलं असेल, चुकले असेन, तर बरोबर अर्थ घट्ट बसतो, कारण तो बसायला चुकीची एक जागा आधीच खणून ठेवलेली असते. अंदाज लावतानाही बाबांचीच रीत. शब्द फोडून बघायचा. मग शेजारचे शब्द बघायचे. मग तो आणखी कुठं ऐकलाय ते आठवायचं आणि आपला अर्थ तिथंही टिकतो का ते ताडायचं. सगळ्या वडगावांत बुवा आहेत का?

पोटखराबा मी असाच फोडला. उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र ०.६९, पोटखराबा ०.१२, एकूण ०.८१ हेक्टर. म्हणजे एक्क्याऐंशी आर, दोन एकरांना किंचित वर, कारण एक आर आणि एक गुंठा जवळजवळ सारखेच आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. खराबा हा भाग सोपा वाटला. खराब झालेली जमीन. पोट म्हणजे आतली. मी भावाला सांगितलं, बारा गुंठे आतून खराब झालेत, बहुतेक क्षार फुटले असणार. तो धास्तावला. संध्याकाळपर्यंत त्यानं माती परीक्षणाची चौकशीसुद्धा केली.

आत्या चौथी शिकलेली आहे. तिनं ते ऐकलं आणि म्हणाली, "खराब कशानं व्हईल? चला, दावते."

ओढ्याच्या अंगाला आमच्या रानात एक खडकाचा उंचवटा आहे, त्यावर करवंदीची जाळी. त्याच्या खाली विहीर, विहिरीशेजारी दगड रचून केलेलं जुनं खळं, आणि पलीकडं पावसाळ्यात वाहणारी घळ. आत्यानं काठीनं एकेक दाखवलं. "ह्यो खडक, ही हीर, हे खळं, ही घळ. हितं पेरता येत न्हाई. म्हून ह्याच्यावर सारा न्हाई. जिमिनीच्या पोटातली पडून ऱ्हायलेली जागा, म्हून पोटखराबा." मग क्षणभर थांबून म्हणाली, "खराब म्हन्त्यात, पर सगळं सुख हितंच व्हतं. पानी हितं, मळनी हितं, करवंदं हितं."

माझा हात आपोआप पिशवीतल्या वहीकडं गेला. पोटभाडेकरू, पोटजात, पोटनियम, पोटनिवडणूक. हे शब्द मी रोज तपासते. त्यातलं पोट म्हणजे मोठ्याच्या आत असलेलं लहान, हे मला पाठ होतं. फक्त ते पोट जमिनीलाही असतं हे सुचलं नव्हतं, कारण खराबा या शब्दानं मी घाबरून गेले आणि पुढं विचारच केला नाही. सोपा वाटलेला तुकडाच फसवतो, हे मुद्रितशोधनात तर रोज दिसतं. अवघड शब्दावर डोळा थांबतो आणि चूक शेजारच्या साध्या शब्दात लपून राहते.

परतताना बांधावर आत्याला विचारलं, "जिरायत म्हणजे गं?" हे मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती म्हणाली, "पावसाचं पानी जिरल, तेवढ्यावर पिकतंय ती जिरायत. हिरीच्या पान्यावर ती बागायत." ऐकायला इतकं गोड, की तेच खरं असावं असं वाटतं. पुण्याला परत आल्यावर कोश काढला. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' माझ्या टेबलामागच्या फळीवर असतो. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले, नंतर पुरवणी. त्यात बऱ्याच शब्दांच्या शेवटी चौकटी कंसात मूळ दिलेलं असतं, आणि मला कोशातला तो कोपरा सगळ्यांत आवडतो. जिरायतीचा जिरण्याशी संबंध नाही. अरबीत शेतीला जो शब्द आहे, जिराअत, तो फारसीच्या वाटेनं दप्तरात आला. मूळ अर्थ नुसतीच शेती. बागायत बागेवरून वेगळी निघाली आणि उरलेली कोरडवाहू ती जिरायत राहिली.

मग आत्या चुकली का? मला तसं म्हणवत नाही. शब्द कुठून आला हे तिला ठाऊक नव्हतं, पण शब्दाचं काम काय हे तिला माझ्याहून पक्कं ठाऊक होतं. शिवाय परक्या शब्दाला घरच्या शब्दाचं बोट धरायला लावलं म्हणूनच तो चार पिढ्या न शिकलेल्या माणसांच्या तोंडी टिकला. वहीच्या तिसऱ्या रकान्यात मी दोन्ही लिहिलं, वर कोशातलं, खाली आत्याचं. मोल्सवर्थ नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी मराठी-इंग्रजी कोश करायला बसला, तेव्हा त्यानंही शास्त्रीमंडळींना हाताशी धरून लोकांच्या वापरातले शब्द गोळा करवले होते. १८३१ साली पहिली आवृत्ती निघाली, १८५७ साली सुधारून वाढवलेली दुसरी, सुमारे साठ हजार शब्दांची. आज तो कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. मी तो उघडते तेव्हा मला त्यात अशा कितीतरी आत्या बोलताना ऐकू येतात.

अ.पा.क.नं मात्र मला आठवडाभर झुलवलं. १९५८ च्या फेरफारात बाबांचं नाव, लगेच पुढं अ.पा.क., मग आई, मग आजीचं नाव, मग भ्रतार, मग आजोबांचं नाव. हाताचं लिखाण, टिंबं पुसट. मी ते "अपाक" असं वाचलं आणि समजले, की बाबांचं लहानपणचं काहीतरी लाडाचं नाव असणार. कुणाला माहीत नव्हतं ते नाव मला सापडलं, म्हणून मी मनातून हरखलेसुद्धा. कोशात शोधून तो शब्द मिळणार कसा? भ्रतार कळत होतं. नवरा. जात्यावरच्या ओव्यांत आजीच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेला शब्द, अमकी भ्रतार तमका म्हणजे तमक्याची बायको. बिन आणि वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, हेही शेजारपाजारच्या नोंदी लावून सुटलं. अपाक सुटेना.

शेवटी दुसऱ्या एका खातेदाराची नोंद दिसली. तिथंही अ.पा.क. आणि पुढं "चुलता". मग तिसरी, तिथं पुन्हा "आई". बाबांच्या पाट्यांची जोडी लागावी तशी ती जोडी लागली. इतक्या जणांचं लाडाचं नाव एकच कसं असेल? आणि प्रत्येकापुढं वडीलधारं माणूसच का? मी तलाठ्यांना फोन केला. ते म्हणाले, "अज्ञान पालनकर्ता, ताई. मूल सज्ञान नसलं की त्याच्या वतीनं जो बघतो तो."

आजोबा १९५८ साली गेले. बाबा तेव्हा चार वर्षांचे होते. हे मला माहीत होतं, घरात कधीतरी कुणीतरी सांगितलेलं. पण त्या तीन अक्षरांनी ते माझ्यासमोर उभं केलं. चावडीत पाटील-तलाठ्यांसमोर पदर सावरून उभी असलेली माझी आजी, तिचा अंगठा, आणि तिच्या लुगड्याला धरून उभा असलेला एक अज्ञान. कायद्यात अज्ञान म्हणजे ज्याचं वय भरलेलं नाही तो, एवढंच. आपल्या रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ न जाणणारा. बाबांना त्या दिवशी काय चाललंय ते कळत नसणार, तेव्हा दोन्ही अर्थ खरेच होते.

१९२९ च्या खरेदीखताचं देवनागरीकरण मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून करून घेतलं. त्यात फारसं अडलं नाही, पण ओळखीचे शब्द अनोळखी वागताना दिसले. "रोख रुपये ३०० अक्षरी तीनशे मात्र." इथला मात्र म्हणजे फक्त. तीनशेपुढं कुणी आकडा वाढवू नये म्हणून घातलेली कडी. आपण रोज म्हणतो, "तो आला, ती मात्र आली नाही," त्यातही हा मूळचा "फक्त" कुठंतरी आहेच. "सबब हे खरेदीखत लिहून दिले." सबब म्हणजे कारण, त्या कारणानं, म्हणून. शाळेत बाई ओरडायच्या, "सबबी सांगू नकोस!" तेव्हापासून माझ्या कानात सबब म्हणजे खोटं कारण. शब्दाची अब्रू गेली ती नंतर, दस्तात ती अजून शाबूत आहे. आणि एक ओळ तर मी पाठच केली. रान विकलं ते "जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह." पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, जमिनीत पुरलेलं धन, कुणी ठेवलेली ठेव. आजच्या दस्तांतही ही ओळ भेटते, बहुतेक जण वाचल्याशिवाय सही करतात. मी ती त्या खडकावर बसून मोठ्यानं वाचली. करवंदीची जाळी, खळ्याचे दगड, विहिरीतलं पाणी, एकेक शब्द जागच्या जागी होता.

राहिलं हक्कसोडपत्र. ते वाचायला मला शब्दांची अडचण नव्हती आणि तरी मी ते सगळ्यांत शेवटी वाचलं.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या मिळकतीत मुलीलाही वाटा दिला. त्यामुळं १९५८ च्या नोंदीत आत्याचं नाव होतं, पण कब्जेदाराच्या जागी नव्हतं. ते "इतर हक्क" या रकान्यात होतं. त्याच रकान्यात पुढं सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढला, तो फिटला, विहिरीच्या कर्जाचा चढला. इतर हा शब्द मी किती याद्यांच्या शेवटी वाचते, वगैरेसारखाच. त्या रकान्यात घरची थोरली लेक आणि सोसायटीचा बोजा एकाखाली एक लिहिलेले पाहिल्यावर तो शब्द मला पूर्वीसारखा वाचता येत नाही. १९७९ साली विहिरीच्या कर्जासाठी उतारा मोकळा हवा होता, तेव्हा आत्यानं हक्क सोडला. कागदावर लिहिलंय, "राजीखुशीने, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय." खाली तिची सही आहे, चौथीतल्या मुलीची असते तशी, एकेक अक्षर सुटं.

मी तिला ती ओळ वाचून दाखवली. विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलं, "आत्या, राजीखुशीनं म्हणजे?"

ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकला. म्हणाली, "राजी व्हते. भावाला हीर पाडायची व्हती, मी नको कशी म्हनंन?" मग पुन्हा निवडायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "खुशीचं कुनी इचारलं न्हाई."

वहीत राजीखुशी लिहिलेलं आहे. तिसरा रकाना मी कोरा ठेवला. राजी म्हणजे कबूल, खुशी म्हणजे आनंद, दोन्ही मिळून स्वेच्छा, हे मला लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. भावाशी त्या रात्री बोलले. खडक, विहीर आणि खळ्याचा तो तुकडा आत्याच्या नावे करायचा असं आमचं ठरलं आहे. कसा करायचा, बक्षीसपत्रानं का आणखी कशानं, ते वकिलांना विचारतोय. आत्या म्हणते, "ह्या वयात मला पोटखराबा घिऊन काय करायचाय?" पण नको असंही म्हणत नाही.

वारसनोंदीचा अर्ज दिला, नोटीस लागली, मुदत भरली. परवा दुपारी मी एका जाड पुस्तकाची शेवटची प्रुफं बघत होते, तेव्हा तलाठ्यांचा फोन आला.

"ताई, फेरफार मंजूर झाला. वारसांची नावं लागली. वडिलांच्या नावाला कंस केलाय."

"कंस म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं नाव कमी झालं. जुन्या माणसाचं नाव खोडत नाहीत, कंसात घेतात."

फोन ठेवला. समोरच्या पानावर लेखकानं एक कंस उघडला होता आणि मिटायचा राहिला होता. मी लाल पेनानं तो मिटला. मग वही काढली, डावीकडं कंस लिहिलं, आणि अंदाजाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना म्हणून नुसतं बाबांचं नाव लिहिलं.